निधी मार्चमध्ये येतो, त्याचं काय?

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर सरकारने जास्त पैसा घालावा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण तो पैसा येतो केव्हा, हेही बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. कागदं फिरून रक्कम आमच्या तालुक्याला पोचते तोवर मार्च एंड. मग एका हॉलमध्ये सगळ्यांना कोंबायचं, प्रोजेक्टर लावायचा, सह्या घ्यायच्या. झालं प्रशिक्षण!

माझी वहिनी बीड जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आहे. तान्ह्या बाळाचं झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे; दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले की लगेच दवाखाना. हे स्लाइड बघून येत नसतं. एका जुन्या सिस्टरबाईंनी शेजारी बसून, हातात घड्याळ देऊन मोजायला लावलं तेव्हा तिला जमलं. (रडतं बाळ आधी शांत होऊ द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं.) अशा बाईंना मानधन खर्चाच्या कुठल्या हेडमधून देणार?

आणि आमच्याकडची खरी गोम ऊसतोडीची. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत आशाच्या सहा गृहभेटी ठरलेल्या. पण बाळंतीण तर ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. तिथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नाही, इथली तिथं जाणार कशी? अशा वेळी काय करायचं, हे दोन्हीकडच्या ताईंना एकत्र बसवून शिकवा. तेही पावसाळ्यात, टोळ्या गावात असताना.