दुसरी किल्ली सांगलीतच मिळायला हवी

गाडीची दुसरी किल्ली करून घ्यायची तर सांगलीच्या माणसाने पुण्या-मुंबईचे उंबरे झिजवायचे, आणि तिथेही "जपानहून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही" हे ऐकून परत यायचं, हे मला अजिबात मान्य नाही. गाडी माझी, आरसी माझ्या नावावर, विमा मी भरते. मग तिची किल्ली मिळवायला एवढी अडवणूक कशासाठी? गेले काही आठवडे याच कामामागे होते. त्यातून बरंच कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे चिपवाल्या गाडीची एकच किल्ली आहे त्यांनी जरूर वाचा.

माझी गाडी जपानमध्ये पूर्ण तयार होऊन बोटीने आलेली. सुरुवातीच्या सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, जुनी ग्रँड व्हिटारा, प्राडो या सगळ्या तशाच आल्या. इथे जोडणी नाही, म्हणून सुट्या भागांचा साठाही कमी. आता याच गाड्या सेकंड हँड होऊन सांगली, मिरज, तासगाव, जतकडे फिरताना दिसतात, कारण इंजिन दणकट आहे आणि किंमत आवाक्यात आली आहे. मी माझी पुण्याच्या एका कुटुंबाकडून घेतली. एक किल्ली हरवली आहे हे त्यांनी व्यवहाराआधीच सांगितलं होतं. गाडी कुठली, कंपनी कुठली हे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. आमचं काम एका हॉस्पिटलात बसून होत नाही. रात्री दोनला मिरजेहून सिझेरियनसाठी फोन येतो, आणि विश्रामबागेतून निघून टेबलापाशी पोहोचायला हातात मोजकी मिनिटं असतात. तेव्हा किल्ली सापडली नाही, पाण्यात पडली, आतली चिप फुटली, तर तिकडे बाई आणि बाळ दोघांचा जीव टांगणीला लागतो. दुसरी किल्ली घरात असणं ही माझ्यासाठी चैन नाही.

आणि सांगलीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. गावभागात आमच्या ओळखीच्यांची गाडी दारात उभी होती, किल्ली मालकाबरोबर मुंबईत. गल्लीतली पोरं ढकलायला तयार होती, पण स्टिअरिंग लॉक झालेलं आणि गिअर ऑटोमॅटिक. गाडी जागची हलली नाही, पाणी छतापर्यंत गेलं. घरात एक किल्ली असती तर कुणीही ती उंचावर नेऊन लावली असती.

तर, पहिल्यांदा अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. आरसी, आधार मागितलं, ते योग्यच आहे. पण पुढे सांगितलं की नुसती किल्ली मिळणार नाही. लॉकसेट, इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने इंजिन चालू न होऊ देणारा डबा), ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असं सगळं बदलावं लागेल. आकडा पाऊण लाखाच्या पुढे. मी विचारलं, हातातली किल्ली व्यवस्थित चालतेय, तर ईसीयू कशाला बदलायचा? काउंटरवरच्या मुलाकडे उत्तर नव्हतं. त्याला दोष नाही दिला, त्याला जे शिकवलं तेच तो बोलत होता. पण जे सांगितलं ते बरोबर नव्हतं, हे मला सांगलीतल्याच एका किल्लीवाल्याने दाखवून दिलं.

शंभर फुटी रोडच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान आहे. आधी आरसी आणि आधार पाहिलं, वहीत नोंद केली, माझी सही घेतली, आणि मगच किल्ली हातात घेतली. म्हणाले, "मॅडम, पात्याचं काम सोपं आहे. खरं काम ह्या डोक्यात आहे." किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की त्यातून सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासची लहर निघते, त्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. गाडीच्या मेमरीत ती ओळख नोंदलेली असेल तरच इंजिन चालू राहतं.

मला नीट समजेना, तर त्यांनी डब्यातल्या चपातीभोवतीची फॉइल काढली, पुसली आणि माझ्याच किल्लीच्या डोक्याला घट्ट गुंडाळली. "आता मारा स्टार्टर." स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पेटेना, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकायला लागला. फॉइल सोडली, पहिल्या झटक्यात गाडी सुरू. इतकी वर्षं गाडी चालवते, पण हे मला कुणी असं समजावून दिलं नव्हतं.

दार उघडायचं बटण हे पूर्ण वेगळं प्रकरण. त्याला सेल लागतो, तो संपला तरी गाडी सुरू होते. रिमोट ऑनलाइन मागवणाऱ्यांनी एक बघावं: जपानच्या आतल्या बाजारातल्या गाड्यांचे रिमोट साधारण ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आपल्याकडे विकलेल्या गाड्यांचे बहुतेक ४३३ वर. दिसायला हुबेहूब, पण आपल्या गाडीचं दार त्याने उघडणार नाही.

पात्याबद्दलही त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षं वापरून झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढली तर झीजसुद्धा नक्कल होते, आणि नवी किल्ली पहिल्या दिवसापासून अडकायला लागते. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात धातूची एक छोटी पट्टी येते, तिच्यावर किल्लीचा नंबर असतो. त्यावरून मशीन कारखान्यासारखी खाच पाडतं. ती पट्टी दुसऱ्या मालकापर्यंत सहसा पोहोचतच नाही. माझ्याकडेही नव्हती. मग त्यांनी जुन्या पात्यावरच्या नागमोडी खाचेची खोली एकेका ठिकाणी मोजली, झीज किती ते धरून मूळ माप ठरवलं, आणि कोऱ्या पात्यावर ते मशीनने उतरवलं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. किल्लीवाल्याच्या हातातही तसंच बारकाईचं कसब आहे, आणि त्याला आपण रस्त्याकडेचा माणूस समजून पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करतो.

शेवटी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, यंत्र जोडलं. आणि इथे मी हादरले. "मॅडम, हिच्यात दोन किल्ल्या लागलेल्या दिसत्यात." म्हणजे पुण्यात हरवलेली ती किल्ली अजून जिवंत होती. ती ज्याच्या हाती पडली असेल तो माझी गाडी सुरू करून नेऊ शकला असता. त्यांनी जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या आणि माझी जुनी व नवी अशा दोनच पुन्हा नोंदवल्या. हरवलेल्या किल्लीने दार अजूनही उघडेल, कारण कुलूप तेच आहे, पण इंजिन आता चालू होणार नाही. सेकंड हँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करून घ्यायलाच हवं, हातात दोन्ही किल्ल्या मिळाल्या असल्या तरी.

सगळा खर्च आठ हजारांच्या आत. एक किल्ली चालू असताना काम एवढ्यावर भागतं. शेवटचीही हरवली की मग काही गाड्यांत इमोबिलायझरचा डबा उघडून आतली आठ पायांची मेमरी चिप काढून वाचावी लागते, आणि खर्च कितीतरी पटींनी चढतो. म्हणून थांबू नका. विम्याचंही लक्षात असू द्या: गाडी चोरीला गेली तर दावा करताना विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि नव्या किल्लीचं बिल जपून ठेवा.

आता माझा मूळ मुद्दा. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, आणि त्याचं कारण हेच होतं: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही धरली. कागदावर हे सगळं आहे, पण शंभर फुटी रोडवरच्या कारागिराला आजही कंपनीकडून किल्लीचा कोड मिळत नाही. तो स्वतःच्या पैशाने यंत्रं घेतो, स्वतःच शिकतो.

चोरांच्या हाती कोड जातील, ही भीती मला समजते. पण चोर काही कंपनीच्या परवानगीसाठी खोळंबलेला नसतो. अडतो तो आरसी बघून वहीत नोंद करणारा माणूस. अमेरिकेत एनएएसटीएफ नावाच्या संस्थेकडे कारागिरांची पार्श्वभूमी तपासून नोंदणी होते, मग त्यांना कार कंपन्यांकडून किल्लीचे कोड अधिकृतपणे मिळतात, आणि प्रत्येक वेळी मालकाची ओळख पटवून कागद ठेवावे लागतात. हे आपल्याकडेही करता येईल. तोवर निदान एवढं तरी व्हावं: चेसिस नंबर आणि आरसी दाखवली की कंपनीने मालकाला त्याच्या किल्लीचा नंबर लेखी द्यावा, मालक पहिला असो की चौथा.

किल्ली करायला जाताना आरसी, आधार आणि चालू असलेली किल्ली सोबत न्या, आणि नोंदवलेल्या किल्ल्यांचा आकडा यंत्राच्या पडद्यावर स्वतः बघा. आरसी न विचारता कुणी किल्ली करून देत असेल, तर तिथे करू नका.