सायाकाचा राग कसा करावा : होतकरू वाचकांसाठी

युरी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांतला एक प्रकार, वाचायला घेतलीत? छान केलंत. दोन मुलींच्या प्रेमाच्या या गोष्टी जरा अवघड असतात. पात्रं मनातलं बोलत नाहीत, बोलली तर अर्धंच बोलतात, कधी कधी अख्खं पान नुसत्या हातांवर नाहीतर पावसावर जातं. पण घाबरून जाऊ नका. यातलं काहीही लक्ष देऊन न वाचता तावातावाने मत कसं द्यावं, याचं शास्त्र आता बरंच पुढे गेलंय. त्यातले काही उस्ताद मी जवळून पाहिलेत. त्यांच्याकडून जे शिकले ते इथे फुकट देते आहे.

सगळ्यात आधी बाजू निवडा, गोष्ट नंतर. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना आपण मुलाकडचे की मुलीकडचे हे जसं ठरलेलं असतं, तसं पहिल्याच प्रकरणात ठरवून टाका. पुढे कितीही खंड येवोत, आपल्या बाजूचा मान राखला जातोय की नाही एवढंच बघायचं. इथे दोन्हीकडचे मुलीकडचेच असतात ही अडचण आहे खरी, पण त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. ‘या दोघींत मुलगा कोण?’ असं विचारा. खूप हशा येतो.

‘किती शुद्ध प्रेम आहे नाही?’ हेही म्हणून ठेवा. कुठेही चालतं.

उदाहरणाला ‘ब्लूम इंटू यू’ घेऊ. यू आणि तोको या शाळेतल्या दोघींची गोष्ट. शीर्षकातली सायाका यातलीच, तिच्याकडे शेवटी येऊ. नाकातानी नियो यांची ही मांगा ‘देंगेकी दाइओ’ मासिकात २०१५ ते २०१९ या काळात आली, तिचे ८ खंड झाले आणि इंग्रजीतही ती पूर्ण मिळते. २०१८ च्या ऑक्टोबरात तिच्यावरची १३ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, सुरू झाली. गोष्ट शाळेतल्या ज्या नाटकाभोवती फिरते ते रंगमंचावर येण्याआधीच ही अ‍ॅनिमे थांबते. ही तुमची मोठीच सोय. पुढचं काहीही न वाचता शेवटाबद्दल भांडता येतं.

आता तोकोचं निदान करा. मोठी बहीण मिओ अपघातात गेली, ती विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष होती, सगळ्यांची लाडकी होती, आणि आता तिची जागा भरून काढायची म्हणून तोको वर्षानुवर्षं ‘परिपूर्ण मुलगी’ होऊन वावरते आहे. स्वतःचा तिला इतका तिटकारा आहे की जी आपल्यावर प्रेम करणार नाही अशाच मुलीजवळ तिला निर्धास्त वाटतं. म्हणून ती यूला विनवते की माझ्या प्रेमात पडू नकोस. हे सगळं उलगडायला लेखकाने पाच-सहा खंड घेतलेत. तुम्ही ‘टॉक्सिक’ म्हणा आणि मोकळे व्हा. ‘रेड फ्लॅग’ पण चालेल. दोन्ही एका वाक्यात आले तर अभ्यासू दिसाल.

रेल्वे फाटकापाशी तोको यूला न विचारता तिचं चुंबन घेते, त्यावर खरोखर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून त्यावर बोलू नका. बोलायचंच झालं तर दुसऱ्याच्या लाडक्या जोडीबद्दल बोला. तोकोने केलं तर गुन्हा, आणि ‘सिट्रस’ या दुसऱ्या मांगामधल्या मेईने युझूवर केलेली जबरदस्ती म्हणजे ‘तिला व्यक्त होता येत नाही बिचारीला’. किंवा उलट. आपण कुठल्या हॉलमध्ये जेवलो त्यावर ते अवलंबून आहे.

पुरुष पात्र दिसलं की बोंब ठोका. विद्यार्थी परिषदेत माकी नावाचा एक मुलगा आहे. त्याला स्वतः प्रेमात पडायची हौस नाही, दुसऱ्यांचं प्रेम प्रेक्षकात बसून बघायला मात्र आवडतं. यू आणि तोकोचं गुपित त्याला कळतं आणि तो ते पोटात ठेवतो. गोष्टीत त्याने पाऊल टाकताच ‘हा मध्ये येणार, लिहून ठेवा’ असं भाकीत करा. तो आठव्या खंडापर्यंत मध्ये येत नाही. भाकीत चुकल्यावर काही बोलायची पद्धत नाही. (खरं म्हणजे आपल्या सगळ्यांत शहाणा प्रेक्षक तोच. पण हे कंसातच राहू दे.)

नाटकाचं प्रकरण भराभरा उलटा. चुंबन नाही त्यात.

बरं, जोडी तुटली तर? तर लेखकाने आपल्याला फसवलं असं जाहीर करायचं. ‘हाउ डू वी रिलेशनशिप?’ नावाची मांगा आहे, तामिफुल यांची. कॉलेजात मिवा आणि साएको भेटतात, दोघींनाही मुली आवडतात हे कळतं, मग आपणच का नको, असं म्हणून त्या एकत्र येतात. आणि काही खंडांनंतर वेगळ्या होतात. कुणी मरत नाही, कुणी खलनायिका नाही, जमलं नाही एवढंच. नंतर दोघींच्या आयुष्यात दुसरं कुणी येतं. कॉलेजात निम्म्या लोकांचं जे होतं तेच. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ यावरून इतके खचले की त्यांनी पुढचं वाचणं सोडलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले, ‘माझे दोन वर्षं वाया गेले.’ यांचे! साएकोचे नाही, मिवाचे नाही, यांचे. हे गृहस्थ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आणि जोडी टिकली तर ‘कंटाळवाणं झालं’ म्हणा.

सुखान्त नको असेल तर पूर्वीच्या काळात जायची सोय आहेच. योशिया नोबुको यांच्या वळणाच्या जुन्या जपानी गोष्टींत शाळेतल्या मुलींचं एकमेकींवरचं प्रेम खपवून घेतलं जायचं, कारण शाळा संपली की ते संपणार असं धरलेलंच असायचं. १९७१ मध्ये यामागिशी र्योको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ आली, तिच्यात एकीचा जीवच जातो. आपणही काही मागे नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा शेवटी उरत नाही. तर अशा परंपरेत शेवटी दोघी जिवंत, एकत्र आणि कॉलेजात जाणाऱ्या निघाल्या की ‘फारच गोड केलंय’ अशी तक्रार अवश्य करा.

आता मुख्य विषय. साएकी सायाका. हिचा राग करायला शिकलात तर बाकी काही शिकायची गरज नाही.

सायाका म्हणजे तोकोची जिवलग मैत्रीण. पहिल्या दिवसापासून तिचं तोकोवर प्रेम आहे आणि ती ते बोलत नाही, कारण तोकोला ते नकोय हे तिला दिसतं. तिला सगळंच आधी दिसतं, हा तिचा शाप आहे. आता यावर म्हणायचं काय? पहिलं : ‘मध्ये येते.’ ती यूच्या आधीपासून तिथे आहे हे विसरा. दुसरं : ‘भित्री आहे, बोलली का नाही?’ तिसरं, क्योटोच्या सहलीत ती बोलते तेव्हा : ‘आता कशाला बोलली?’ ही तीन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकाच संध्याकाळी मी ऐकलीत. हो, तेच गृहस्थ.

क्योटोचं प्रकरण सातव्या खंडात आहे. सायाका तोकोला सांगते की मला तू आवडतेस. तोकोला ‘आवडतेस’ या शब्दाचीच धास्ती आहे. तिला वाटतं की आवडणं म्हणजे ‘अशीच राहा’ असा हुकूम. सायाका जे सांगते त्याचा अर्थ असा, की तू बदललीस तरी तू तूच राहशील यावर माझा विश्वास आहे. तोको विचार करते आणि नाही म्हणते. सायाका रडते. पण तोकोच्या मनातली गाठ तिथे सैल होते, आणि म्हणून नंतर ती यूकडे जाऊ शकते. म्हणजे तुमची लाडकी जोडी जुळते ती या ‘मध्ये येणारी’मुळे. पण हे लक्षात येण्यासाठी प्रकरण वाचावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाला आहे.

इरुमा हितोमा यांनी २०१८ ते २०२० मध्ये सायाकावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ म्हणा. मी ऐकलंय, लोक हसतात.

सायाका माध्यमिक शाळेत असताना एक सिनियर मुलगी आपणहून तिच्याकडे येते, मला तू आवडतेस म्हणते. सायाका आधी गोंधळते, मग खरोखर प्रेमात पडते, आणि नेमकं तेव्हा ती सिनियर तिला सांगते की हे सगळं वयातलं होतं, आता आपण मोठ्या झालो. पुढे कधीतरी रस्त्यात भेटल्यावर आपल्यामुळे हिला असं वळण लागलं की काय म्हणून तिची माफीही मागते. कशाची माफी? वाचताना माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. सायाका शांतपणे तोकोच्या हातात हात घालून निघून जाते. मनातलं सगळं ती जिच्याशी बोलते ती कॅफे चालवणारी मियाको. शाळेतल्याच एका शिक्षिकेबरोबर राहणारी मोठी बाई. अख्ख्या गोष्टीत त्या मुलीला ऐकून घेणारं एक मोठं माणूस भेटतं ते तिथे.

मध्यंतरी एका मैत्रिणीकडे आम्ही मांगा वाचणारे जमलो होतो. एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. बराच वेळ गप्प. मग विषय सायाकावर आला तेव्हा ती म्हणाली, ‘मला सायाका आवडते. ते सिनियरचं आहे ना, तसं माझ्या बाबतीत पण...’

तर अशा वेळी काय करायचं? ताबडतोब तोडायचं. वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. आमच्या गृहस्थांनी अगदी वेळेवर तोडलं. ‘अगं ती लूझर आहे! सेकंड लीड! तिला कोण विचारतं?’ आणि टाळीसाठी हात पुढे केला. दोघातिघांनी टाळी दिलीही. मग अर्धा तास यू बरोबर की तोको बरोबर. मी म्हणाले, अहो, तिला बोलू द्या ना. तर मलाच ऐकवलं, ‘ताई, गोष्ट आहे हो, एवढं काय मनाला लावून घेता?’

मनाला लावून घेता! हे कोण म्हणतंय? मिवा-साएको वेगळ्या झाल्या म्हणून ज्याचे दोन वर्षं वाया गेले तो!

ती मुलगी लवकर निघाली. उद्या लवकर उठायचंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

जाऊ दे, सल्ला पुरे झाला. मला आता नीट बोलायचंय.

तुम्हाला दोन मुलींचं प्रेम बघायला आवडतं, पण तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीला मुली आवडत असतील ही शक्यता तुमच्या डोक्यातही येत नाही. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही हे या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. ती अ‍ॅनिमे पुढच्याच महिन्यात आली. म्हणजे जी गोष्ट तुम्ही जेवता जेवता बघितलीत ती तुमच्या शहरातल्या कुणीतरी दार लावून, आवाज बारीक करून बघितली असेल, कारण घरात विचारणार कुणाला? लग्नाचं तर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवलं. त्या मुलीला तुमची जोडी नकोय. तिला सायाका हवी आहे, कारण नकार मिळूनही ती मुलगी मोडत नाही. पुढे कॉलेजात जाते, तिला तिचं माणूस भेटतं. जिच्या सिनियरने ‘वय होतं’ म्हणून हात झटकले, तिच्यासाठी ही पानं काय असतील याचा विचार करायला फार बुद्धी लागत नाही. नुसतं तोंड मिटायला लागतं.

प्रेम परत मिळालं नाही म्हणजे माणूस हरला, हे तुम्हाला कुणी शिकवलं? नाकातानी यांनी नाही. त्यांनी नाटकातही तेच केलं. आठवण हरवलेल्या मुलीला तिच्या ओळखीची माणसं आपापली वेगवेगळी ‘ती’ सांगत राहतात. मूळ संहितेत ती प्रियकराने सांगितलेली ‘ती’ पत्करते. यू जाऊन नाटक लिहिणाऱ्या कोयोमीला शेवट बदलायला लावते, यापैकी कुणाचीच नको, तिला आत्ताची ती राहू दे म्हणून. हेच ते प्रकरण, जे तुम्ही चुंबन नाही म्हणून उलटून पुढे गेलात. त्या नाटकातल्या ओळखीच्या माणसांसारखेच तुम्ही प्रत्येक पात्राला ती कोण आहे ते सांगत सुटलायत. ही टॉक्सिक, ही लूझर, ही शुद्ध, हिच्यात मुलगा कोण. आणि पात्रांवर भागलं नाही म्हणून आता खोलीतल्या माणसांनाही सांगताय.

चिडा ना, चिडू नका असं कोण म्हणतंय? मीही तोकोवर चिडले होते, पाचव्या खंडात पुस्तक आपटलं होतं. पण त्यासाठी कुणाचं वाक्य तोडावं लागलं नाही मला.

सातवा खंड तुमच्याकडे आहे, कपाटात, प्लास्टिकही न काढलेला, मी पाहिलाय. तो काढा, क्योटो वाचा. आणि पुढच्या वेळी यायचं असेल तर आधी कळवा, म्हणजे त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावते.