खिशात हात घातल्याने नेम लागत नाही

पॅरिस ऑलिम्पिकपासून एक संदेश मोबाइलवरून फिरतोय. वर तुर्कीच्या युसुफ दिकेचचा फोटो: एक हात पँटच्या खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा. खाली नेमबाजीचं ज्ञान. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या ग्रुपवर तो निदान चार वेळा येऊन गेला. गेल्या महिन्यात डिचोलीच्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि वर विचारलं, "मामा, मग तुम्ही मला जॅकेटच्या खर्चात कशाला पाडताय?"

संदेशाचा मथितार्थ असा. जॅकेट, रायफल दंडाला अडकवायचा पट्टा, डोळ्यावरची झापडं हे सगळे श्रीमंती चोचले. बोल्ट ॲक्शन रायफल (प्रत्येक गोळीला हाताने खटका, म्हणजे बोल्ट, मागेपुढे करायची) मुळातच अचूक, ती हातात आली की अर्धं काम झालं. नळी जितकी लांब तितका नेम पक्का. छाती भरून श्वास घ्या आणि रोखून धरा. रायफल खांद्यात गच्च आवळा. गोळी चुकली की लगेच साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, फिरवून दुरुस्त करा. दर दहा गोळ्यांनी नळी चकचकीत करा. आणि शेवटी, नेम ही देवाची देणगी आहे, खाली हात जोडलेले.

यातली प्रत्येक गोष्ट खरी मानून वागणारी माणसं मी रेंजवर पाहिलीत. दोन-तीन गोष्टी मी स्वतःही केल्यात, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. पण उत्तर द्यायला हवं.

दिकेचपासून सुरुवात करू. त्याला रौप्य मिळालं ते १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी आपल्याला कांस्य मिळवून दिलं. पिस्तूल एकाच हातात धरायचं असा नियमच आहे. मग दुसऱ्या हाताचं करायचं काय? तो लोंबकळला की अंग हलतं, म्हणून नेमबाज तो खिशात घालतात, नाहीतर कमरेच्या पट्ट्यात अडकवतात. रायफलवाल्यांसारखं ताठ जॅकेट पिस्तुलात नसतंच, त्यामुळे त्याने जॅकेट नाकारलं वगैरे काही झालं नाही. आणि फोटो मोठा करून बघा, कानात बोळे आहेत. अगदीच काही न घेता आला होता असं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. त्याचा फोटो मात्र या संदेशात कोणी लावत नाही. अंगात जॅकेट, खास पँट, दंडाला पट्टा. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, म्हणजे साठ गोळ्यांत मिळून फक्त दहा गुण गेले. जॅकेट नुसता दिखावा असता तर त्याच्या कापडाची जाडी यंत्राने मोजून २.५ मिलिमीटरची मर्यादा घालायची गरज पडली नसती. उपयोग होतो, म्हणूनच मर्यादा आहे.

आता रायफलकडे. बोल्ट ॲक्शन अचूक असते यात खोटं काही नाही. गोळी सुटताना आत काही मागेपुढे सरकत नाही, बोल्ट घट्ट बसलेला असतो, काडतूस प्रत्येक वेळी तुम्ही हाताने तसंच आत सारता. चांगली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, शिकंज्यात आवळा, तिला मानवणारं .२२ (इंचाच्या मापाचं छोटं) काडतूस द्या, ५० मीटरवरची भोकं बहुधा एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील. पण हा शिकंज्याचा पराक्रम झाला. माणूस शिकंजा नसतो. शिवाय 'मानवणारं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन वेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या दोन खेपा, एकाच नळीतून वेगळे ग्रुप, म्हणजे भोकांचे वेगळे पुंजके, देतात. म्हणून मोठे नेमबाज आधी लॉट तपासतात आणि जुळला की तोच साठवून ठेवतात.

आणि बोल्टचीच एक खोड आहे, ती संदेशात नाही. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागेपुढे करावा लागतो. नवशिका काय करतो? रायफल खांद्यावरून उतरवतो, गाल उचलतो, बोल्ट ओढतो, काडतूस कुठे पडलं ते बघतो आणि मग पुन्हा सगळं नव्याने मांडतो. पाच गोळ्या म्हणजे पाच वेगवेगळे नेमबाज. दस्त्याचं टोक खांद्यातच ठेवून उजव्या हाताने बोल्ट चालवायला शिकणं, एवढ्यावर माझ्या भाच्याचे दोन रविवार गेले.

साइट लगेच फिरवायची, या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. भाचा पहिल्या दिवशी पोटावर झोपून ५० मीटरवर मारत होता. पहिली गोळी घड्याळातल्या सातच्या जागी, डाव्या-खालच्या बाजूला. लगेच त्याने साइटचं बटण फिरवलं, चार क्लिक उजवीकडे, तीन वर. दुसरी गोळी उजवीकडे गेली. परत क्लिक. तिसरी वर. दहाव्या गोळीपर्यंत कागदाची चाळण झाली होती, आणि साइट मुळात कुठे होती हे त्यालाही सांगता येईना. मी साइट आधीच्या खुणेवर आणली, नवा कागद लावला आणि म्हटलं, या पाच गोळ्यांत साइटच्या बटणांना हात लावलास तर आज मिरामारला भेळ नाही. पाच गोळ्या झाल्या. सगळ्या डाव्या-खालच्या बाजूला, पण काजूच्या बोंडाएवढ्या जागेत. तो हिरमुसला, कारण एकही नऊच्या आत नव्हती. मला मात्र कागद फ्रेम करावासा वाटला. मग पाचांचा मध्य काढून एकदाच साइट फिरवली. पुढच्या पाच: एक दहा, दोन नऊ, दोन आठ. त्याच मुलाच्या, त्याच रायफलीच्या, त्याच दिवसाच्या.

यामागे साधं गणित आहे. तुमच्या हाताचा स्वतःचा एक पसारा असतो, गोळ्या थोड्या विखुरतातच. गोळी डावीकडे गेली ती साइटमुळे की हातामुळे, हे एका भोकावरून कळूच शकत नाही. तरी तुम्ही ती चूक पूर्ण दुरुस्त केलीत, तर पुढच्या गोळीत तिची स्वतःची चूक असतेच, वर मागच्या गोळीची चूक उलटी होऊन बसते. साइट मुळात बरोबर असेल तर असं करत राहिल्याने पसारा सुमारे १.४ पट वाढतो. म्हणजे काही न करता नुसतं झोपून राहणारा तुमच्यापेक्षा चांगला मारेल. एनसीसीच्या कॅम्पात उस्ताद 'ग्रुपिंग, ग्रुपिंग' म्हणून ओरडायचे तेव्हा आम्हाला वाटायचं, टार्गेटच्या मध्यावर लागत नाही म्हणून यांनी काढलेली पळवाट आहे. नव्हती.

गच्च आवळणं. आवळलेला स्नायू थरथरतो, आणि दर वेळी सारखाच आवळला जात नाही. पोटावर झोपून मारताना डाव्या दंडाचा पट्टा आणि कोपराचं हाड रायफलचं वजन घेतात, पंजावर ती नुसती टेकू द्यायची असते. तपासायची रीत सोपी: नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. साइट टार्गेटवरून डावीकडे सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका. डावं कोपर तिथेच ठेवून कंबर आणि पाय सरकवा, अख्खं शरीर वळू द्या. हाताने ओढून आणलेली रायफल चाप दाबण्याच्या क्षणी परत आपल्या जागेकडे जायला बघते, आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटते.

रायफल कलंडणं हेही याच घरातलं. .२२ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते, तेवढं साइटने वर उचललेलं असतं. रायफल पाच अंश कलली की त्यातला सुमारे एक सेंटिमीटर बाजूला जातो. ५० मीटरच्या टार्गेटवर दोन वर्तुळांत अंतर आहे ८ मिलिमीटर. गुण गेला, आणि दोष वाऱ्याला.

श्वासाचं थोडक्यात. छाती भरून रोखलात तर छाती ताणलेली राहते, नाडी साइटमध्ये उड्या मारताना दिसते, आणि दहाएक सेकंदांनी डोळ्यापुढचं चित्र पुसट होऊ लागतं. श्वास सोडल्यावर आपोआप एक विसावा येतो, तोच थोडा लांबवायचा. सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर रायफल खाली, पुन्हा सुरुवात. इथे अहंकार आडवा येतो. 'आता एवढं धरलंय तर मारूनच टाकतो' म्हणून मारलेली गोळी कुठे जाते हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

झापडाबद्दल संदेशाने नाक मुरडलंय. एक डोळा मिटून बघा, दुसऱ्या डोळ्याभोवतीचे स्नायूही ताणले जातात. झापड डोळा मिटत नाही, फक्त त्याच्यासमोरचं चित्र झाकतं. पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा चष्म्याला चिकटवला तरी चालतो. श्रीमंती कसली?

लांब नळी. .२२ काडतुसात दारू इतकी थोडी असते की १६-१८ इंचांत ती आपलं काम उरकते. पुढच्या इंचांत वेग वाढत नाही. मॅच रायफलची नळी लांब दिसते कारण पुढची आणि मागची साइट एकमेकींपासून लांब असली की बारीक चूक डोळ्याला लवकर दिसते. दुर्बीण लावणाऱ्याला तेवढाही फायदा नाही.

नळी चकचकीत करण्याच्या सल्ल्यात आमच्या हवेचं थोडं तरी ऐकायला हवं होतं. .२२च्या शिशाच्या गोळीवर मेणचट लेप असतो, तो नळीत बसला की ग्रुप स्थिरावतो. पूर्ण पुसलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या भटकतात. दर दहा गोळ्यांनी पुसणारा माणूस आयुष्यभर त्या भटकणाऱ्या गोळ्याच मारत राहील. काडतूस बसतं तिथली काजळी काढा, बाकीला उगाच छेडू नका. पावसाळ्यात गोव्यात गोष्ट वेगळी. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पोलादाची काय कथा. बोल्ट आणि नळी तेलाने पुसून ठेवायचीच, पण मारायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढायचं, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे.

आणि लाकूड. आमच्याकडची एक जुनी लाकडी दस्त्याची रायफल मे महिन्यापर्यंत गुणी होती. ऑगस्टमध्ये ग्रुप वर सरकला आणि फाकलाही. ज्याने त्याने आपापला दोष काढला. शेवटी दहाची नोट नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घालून मागे ओढत नेली, तर अर्ध्यावर अडकली. लाकूड फुगून नळीला टेकत होतं. सुताराने नव्हे, सँडपेपरने आणि भरपूर धीराने ते निस्तरलं. या एका नोटेने जेवढं सांगितलं तेवढं संदेशातल्या सगळ्या ओळींनी मिळून सांगितलेलं नाही.

वारा संदेशात मुळी नाहीच, आणि आमच्या किनाऱ्यावर तो रोज दिशा बदलतो. शाळेत घोकलेले मतलई वारे सकाळी जमिनीवरून, खारे वारे दुपारी समुद्रावरून. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा .२२ची गोळी ५० मीटरवर अडीच-तीन सेंटिमीटर सरकवतो. दहाची गोळी सातात. म्हणून सकाळी सातला या म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात, आणि दुपारी तीनला येऊन रायफलला नावं ठेवतात.

देणगीचं काय सांगू? भाचा चाप ओढताना पहिले दोन रविवार बोटाने रायफल उजवीकडे ढकलत होता. मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, वापरलेलं काडतूस घालून (रिकाम्या चेंबरवर पिन आपटली की .२२च्या चेंबरचा काठ खराब होतो) त्याने रेंजवरच शंभर-शंभर वेळा नुसता चाप ओढला. क्लिक होताना साइट हलली का, एवढंच बघत. तिसऱ्या रविवारी हलायची थांबली.

राहिला त्याचा प्रश्न, जॅकेटचा. तिथे संदेश चुकून अर्धा बरोबर निघाला. मुलगा सोळा वर्षांचा आहे, दिवाळीपर्यंत आणखी दोन इंच वाढेल, आणि खांद्यात तोकडं झालेलं जॅकेट परत विकायला गेलं की कोणी अर्धी किंमतही देत नाही. मी त्याला लिहिलं: जॅकेट आत्ता नको, क्लबचं वापर. पट्टा तेवढा स्वतःचा घे, आणि दंडावर कितव्या भोकात बसतो ते वहीत लिहून ठेव.