बाटला हाऊसचा कैदी मेला, अपील तसंच राहिलं

दिल्लीतल्या बाटला हाऊसच्या 2008 मधल्या पोलीस चकमकीचं नाव निघालं की कमेंटमध्ये भांडणं सुरू होतात, म्हणून आधीच सांगते. मी पोलिसाची मुलगी आहे. त्या चकमकीत गेलेल्या इन्स्पेक्टर मोहनचंद शर्मांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्या खुनात दोषी ठरलेल्या माणसाविषयी काडीचंही प्रेम नाही. तरीही तो माणूस ज्या रीतीने या खटल्यातून गेला, त्याचा मला आजही राग येतो.

तो माणूस, शहजाद अहमद, जानेवारी 2023 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मेला. तिहारचा कैदी, वय तिशीच्या पुढे, आजार स्वादुपिंडाचा. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. फेसबुकवर मात्र दोन्हीकडून पाऊस पडला. एका बाजूचे म्हणाले, बरं झालं, सरकारचा खर्च वाचला. दुसरी बाजू म्हणाली, निरपराध पोरगा तुरुंगात सडून मेला. सत्र न्यायालयाने त्याला जुलै 2013 मध्ये जन्मठेप दिली, त्याविरुद्ध तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि साडेनऊ वर्षांनी मेला तेव्हाही ते अपील प्रलंबितच होतं, हे दोन्हीकडच्या फार थोड्या लोकांनी लिहिलं.

साडेनऊ वर्षं! पहिलीत गेलेलं पोर तेवढ्या काळात दहावीच्या उंबरठ्यावर येतं.

2008 साली काय घडलं ते थोडक्यात सांगते, कारण आजच्या पोरांना ते माहीत नसतं. 13 सप्टेंबरला करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलाशमध्ये बॉम्बस्फोट झाले. सहा दिवसांनी, 19 तारखेला, त्या स्फोटांच्या तपासात दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलची (दहशतवादविरोधी पथकाची) टीम जामिया नगरातल्या बाटला हाऊस भागात, एल-18 या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवर पोचली. गोळीबार झाला. आतले दोघे मारले गेले, एक पकडला गेला, दोघे निसटले. निसटलेल्यांतला एक शहजाद, असं पोलिसांचं म्हणणं. शर्मांना गोळ्या लागल्या आणि त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ते गेले. त्यांनी बुलेटप्रूफ जॅकेट घातलं नव्हतं. त्यांचा मुलगा तेव्हा डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये होता.

हे मुलाचं वाचलं तेव्हा पोटात कालवलं. आमच्या बाबांचंही असंच असायचं. घरात कोण तापाने फणफणलंय, कोणाचा पेपर आहे, काही असो, बंदोबस्त लागला की डबा घेऊन ते निघायचे. आई दारात नुसती म्हणायची, "फोन करा."

सहकाऱ्यांच्या आधाराने चालत इमारतीबाहेर येणाऱ्या जखमी शर्मांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या फोटोवरूनसुद्धा लोकांनी काथ्याकूट केला. रक्त इथे का दिसतं, तिथे का नाही. गेलेल्या माणसाच्या शर्टावरचे डाग मोजले. चकमकच खोटी, शर्मांना त्यांच्याच माणसांनी मारलं, इथपर्यंत बोलणी गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2009 मध्ये पोलिसांना दोषमुक्त ठरवलं, तरी बोलणी थांबली नाहीत. 26 जानेवारी 2009 ला शर्मांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच दिवशी आपल्या करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे यांनाही मिळालं. आपल्याकडे या चौघांची नावं रस्त्यांना, चौकांना आहेत. शर्मांच्या नावापुढे मात्र कोणी ना कोणी प्रश्नचिन्ह लावतंच.

म्हणून मला ते अपील महत्त्वाचं वाटतं. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की शहजाद त्या दिवशी तिथे नव्हताच. पोलीस दारात उभे असताना वरच्या मजल्यावरून दोघे निसटले कसे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जात होता. सत्र न्यायाधीशांनी पुरावा तपासून त्याला दोषी ठरवलं. त्याच्या वरच्या न्यायालयाने सगळा पुरावा पुन्हा तपासून "हो, याच माणसाने" किंवा "नाही" असं लिहून द्यायला हवं होतं. हा कैद्याचा हक्क होताच, पण मी म्हणेन शर्मांच्या घरच्यांचाही तेवढाच होता.

निसटलेला दुसरा, आरिझ खान, 2018 मध्ये सापडला. 2021 मध्ये त्याला सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे ते प्रकरण तिथे आपोआप जातं. ऑक्टोबर 2023 मध्ये निकाल लागला: दोष कायम, फाशीची जन्मठेप. म्हणजे 2021 चं प्रकरण अडीच वर्षांत संपलं आणि 2013 चं अपील माणूस मरेपर्यंत पडून राहिलं. शहजादच्या मृत्यूला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. जन्मठेपवाल्याच्या अपिलाची घाई कोणालाच नसते. तो आतच असतो ना, मग कसली गडबड, असा सगळा मामला.

फौजदारी कायद्यात अपील करणारा मेला की सहसा अपीलही संपतं. जवळच्या नातेवाइकांनी तीस दिवसांच्या आत न्यायालयाकडे परवानगी मागितली तरच ते पुढे चालू शकतं. ज्यांच्या घरात नुकतंच मरण झालंय, त्यांनी दिवसकार्य उरकायचं की वकील गाठायचा?

कोठडीत कोणीही मेला तरी चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी होते. "खुन्याची कसली चौकशी?" असं म्हणणारे माझ्या नात्यातही आहेत. त्यांना माझं एकच म्हणणं असतं. त्याला जन्मठेप न्यायालयाने दिली होती आणि ती भोगायला तो सरकारच्या ताब्यात होता. दुखणं केव्हा सुरू झालं, तुरुंगाच्या डॉक्टरांनी केव्हा ओळखलं, हॉस्पिटलात केव्हा हलवलं, हे कागदावर यायलाच हवं. पोलिसाच्या खुन्याच्या बाबतीत तर आणखीच. नाहीतर उद्या कोणीही उठून म्हणेल की वर्दीने सूड घेतला, आणि चिखल पुन्हा शर्मांच्याच नावावर उडेल.

दहा वर्षांपेक्षा जुनी जन्मठेपेची अपिलं प्रत्येक उच्च न्यायालयाने आधी काढावीत, असं मला वाटतं. कैदी मेला तर चौकशीच्या अहवालाची एक प्रत त्याच्या घरी जावी आणि एक, ज्याचा खून झाला त्याच्याही घरी जावी. त्यांना हे टीव्हीवरून कळू नये. इथे कोणी वकील असतील तर सांगा, यासाठी अर्ज कुठे करायचा. मी करायला तयार आहे.