लाजेने वजन उतरत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला: सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या आणि मग माहेरच्या. 'जाड माणसाला तोंडावर जाड म्हणा, तेच खरं प्रेम. लाज वाटली की वजन आपोआप उतरतं. "आहे तसं शरीर स्वीकारा" म्हणजे आळसाला मोकळीक. बारीक तो निरोगी, जाड तो आजारी.' पाठवणारी सगळी माझी जिव्हाळ्याची माणसं आहेत, म्हणूनच गप्प बसवत नाही.

लाज वाटली की वजन उतरतं? अमेरिकेत सहा हजारांवर लोकांची २००६ ला आणि पुन्हा २०१० ला पाहणी झाली. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, त्यांच्यात पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली.

आकडे राहू देत, माझ्या मावशीचंच सांगते. संध्याकाळची स्लो लोकल, लेडीज डबा, मावशी चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली. कुर्ल्याला चढलेली एक बाई म्हणाली, "तुम्हाला दोन तिकिटं काढावी लागत असतील ना?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मावशीने मांडीवरची पर्स छातीशी धरली आणि भांडुप येईपर्यंत दाराशी जाऊन उभी राहिली. त्याच सुमारास सारखा थकवा येतो म्हणून ती एका डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी ना नाडी पाहिली, ना रक्त तपासायला सांगितलं. "आधी तोंडाला कुलूप लावा," एवढंच. त्यानंतर दोन वर्षं ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. शेवटी निघालं काय, तर थायरॉइड. गोळी सुरू झाली, थकवा गेला. वजन थोडंच उतरलं.

आळस म्हणाल, तर पहाटे साडेचारला पाणी येतं तेव्हा उठून चौघांचे डबे करणारी बाई आहे ती.

आता 'बारीक तो निरोगी'. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी जणांना मधुमेह होतो, तो यामुळेही. जादा वजनाचा मधुमेहाशी, बीपीशी, गुडघ्यांशी संबंध आहेच, तो मी नाकारत नाही. पण नुसत्या नजरेने कुणाचा रिपोर्ट वाचता येत नाही.

राहिलं प्रेम. मावशीला "तुझ्या भल्यासाठीच सांगते" म्हणणाऱ्या मोजल्या तर डझनभर भरतील. रक्त तपासायला तिच्याबरोबर त्यांच्यातली एकही आली नव्हती. मी हाफ डे टाकून गेले होते.