टाळ्या वाजवणाऱ्यांनो, जरा थांबा

आज एका साहित्यिक कार्यक्रमात वक्ते म्हणाले, "अस्सल साहित्याला कुठलीच सत्ता मारू शकत नाही." सभागृहभर टाळ्या. घरी आलो, जेवलो, तरी डोकं तापलेलंच आहे.

वासिली ग्रॉसमन हा सोव्हिएत लेखक माहीत आहे ना? स्टालिनग्राडच्या लढाईतून लाल सैन्याच्या वृत्तपत्राला बातम्या धाडणारा. ट्रेब्लिंका या नाझी मृत्यूछावणीवर सगळ्यात आधी लिहिणाऱ्यांपैकी एक. १९६० मध्ये त्यानं 'लाइफ अँड फेट' कादंबरी मॉस्कोतल्या एका मासिकाला दिली. त्यात एक नाझी अधिकारी जुन्या बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट कैद्याला सुनावतो, की आपण दोघं एकमेकांचे आरसे आहोत. झालं. फेब्रुवारी १९६१ मध्ये सोव्हिएत गुप्तचर खातं, केजीबी, दारात! हस्तलिखितं नेली, टाइप केलेल्या प्रती नेल्या, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा नेल्या.

रिबिनींचं ऐकून हसू नका. माझे मामा कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. आम्ही पोरं वापरलेले कार्बन उजेडाला धरून कुणाची भाऊबंदकी, कुणाचा घटस्फोट वाचत बसायचो. मामांनी एकदा पकडलं, कान पिरगाळला, आणि त्या दिवसापासून सगळे कार्बन बंबात. केजीबीलाही हे बरोबर ठाऊक होतं.

हो, ग्रॉसमनला तुरुंगात टाकलं नाही. आणि १९५३ मध्ये, सोव्हिएत नेत्यांना मारण्याच्या कटाचा खोटा आरोप झालेल्या ज्यू डॉक्टरांविरुद्धच्या पत्रावर त्यानंही सही केली होती. मान्य. पुढे?

त्यानं थेट सोव्हिएत सर्वोच्च नेता ख्रुश्चेव्हला लिहिलं, माझ्या पुस्तकाला मोकळं करा. उत्तर पक्षाच्या विचारसरणीचा कारभारी सुस्लोव्हनं दिलं: दोनेकशे वर्षं तरी हे छापता येणार नाही. १९६४ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोटाच्या कॅन्सरनं तो गेला. पुस्तक छापून आलेलं त्यानं पाहिलंच नाही.

त्याची आई १९४१ मध्ये युक्रेनमधल्या बर्दिचिवमध्ये नाझींच्या गोळ्यांना बळी पडली होती. वीस वर्षांनी, कादंबरी जप्त झाली त्याच वर्षी, त्यानं मेलेल्या आईला पत्र लिहिलं. कादंबरी तिलाच अर्पण केलेली. यावर मला काही लिहिता येत नाही, राहू दे.

पुस्तक तगलं ते लिप्किन नावाच्या मित्रानं एक प्रत लपवली म्हणून. शास्त्रज्ञ सखारोव्ह आणि लेखक व्होइनोविच यांनी तिच्या मायक्रोफिल्म, म्हणजे बारीक फोटो-प्रती, काढल्या म्हणून. १९८० मध्ये स्वित्झर्लंडात छापलं, रशियात १९८८ मध्ये. यात साहित्याच्या अमरत्वाचा काय संबंध? माणसांनी जीव धोक्यात घातला, वक्तेसाहेब! मामांच्या बंबात गेलेल्या कार्बनांवरचं एक अक्षर तरी आज कुणाला सांगता येईल का? तशी किती पुस्तकं गेली, ते तुम्ही कुठून मोजणार?

आणि कहर ऐका. जप्त केलेले कागद गुप्तचर खात्यानं अभिलेखागाराकडे दिले ते २०१३ मध्ये. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी ते जाळले नाहीत, फाडले नाहीत, नीट सांभाळून ठेवले. फक्त वाचू दिले नाहीत.