दिवा की दिवाळे?

गाडीचा पुढचा दिवा गेला की तो बदलावा, एवढ्या साध्या कामासाठी माणसाने पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन दुकानात जावे अशी अपेक्षा आहे काय? मी 60/55 वॅटचा साधा एच-4 हॅलोजन बल्ब मागितला, तर दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कंदिलाची काच मागत होतो. मग सुरू झाले पुराण: एलईडी की एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या विद्युतठिणगीने उजळणारा दिवा), 4300 केल्विन की 6000 (म्हणजे उजेड किंचित पिवळसर की पांढराशुभ्र), आणि खोक्यावर छापलेले ते दिव्य 20,000 ल्युमेन, म्हणजे प्रकाशाचे माप, जे पाहून सूर्यानेही तोंड लपवावे! हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबला, की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो, हे सांगायला मात्र कोणाची जीभ रेटत नाही. आंबोली घाटात धुके उतरले, की तोच पांढराशुभ्र झोत समोर चुन्याची भिंत उभी करतो. तेव्हा ते केल्विन काय चाटायचे? शिवाय समोरून कोणी आले की झोत खाली करायची डिपर नावाची सोय गाडीत असते, हे या प्रकाशमहर्षींना कोणी कळवले आहे का? अहो, मला घाट उतरायचा आहे, विमान नव्हे!